पांढरी पाच, काळी चार

पहाटे ५.२०

उठले की चूळ भरायच्याही आधी मी पियानोची खालची फळी काढून आत डोकावते. आत पंचवीस वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर जळत असतो. श्रावणात कोलकात्याजवळच्या या बराकपूरची हवा इतकी ओली की दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. मग लाकूड आणि लोकर भरलेल्या या पेटाऱ्याचं काय होत असेल! बल्बच्या उबेनं त्याच्या पोटातली हवा जरा कोरडी राहते. एलईडी इथे उपयोगाचा नाही, तो फारसा तापत नाही. जुन्या तारेचे बल्ब स्टेशनजवळच्या एका दुकानात मिळाले, ते चार आणून ठेवलेत. एकदा बल्ब गेला आणि माझ्या दोन दिवस लक्षात आलं नाही, तर मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या फुगून बसल्या. दाबल्या की खालीच राहायच्या.

हा पियानो मागच्या नोव्हेंबरात सोदपूरच्या एका जुन्या घरातून आणला. घर पाडून तिथे फ्लॅट होणार होते आणि फ्लॅटमध्ये पियानोला जागा नव्हती. सहा माणसांनी दोन बांबू आणि काथ्याचा दोर लावून तो टेम्पोत चढवला. त्याच आठवड्यात मी फाटकावर कागद लावला. इथे पियानो शिकवला जातो, एवढंच, बंगालीत, वर राहणाऱ्या घरमालकीण आजींकडून शुद्धलेखन तपासून घेऊन. तेव्हा एकही विद्यार्थी नव्हता. आज नऊ आहेत.

सकाळी ६

गिरणीचा भोंगा झाला की बसायचं.

पुण्यात शिकत होते तेव्हा सकाळचा रियाज म्हणजे माझ्या स्वतःच्या चिजा. आता पहिला तास मुलांच्या सुरावटींना जातो. आठव्या ग्रेडची परीक्षा दिलेल्या बाईला बारटोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’मधल्या पहिल्या पानावर बसावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. १९२६ ते १९३९ या काळात बारटोकनं १५३ छोट्या रचना सहा भागांत रचल्या, सोप्याकडून अवघडाकडे. पहिल्या सहांत दोन्ही हात तेच सूर वाजवतात, फक्त वेगवेगळ्या सप्तकांत. वाजवायला काहीच नाही त्यात. पण मला त्या खुर्चीवर बसून वाजवायच्या नसतात. मुलाच्या डावीकडे उभं राहून, एका हातानं, तोंडानं मात्रा मोजत आणि सात वर्षांच्या मुलाच्या वेगानं वाजवायच्या असतात. त्या संथ वेगात दोन सुरांमधली जागा रिकामी ठेवणं हे फार कष्टाचं काम आहे. माझी बोटं पुढे पळतात. म्हणून रोज तासभर मी हळू वाजवायला शिकते.

मग अर्धा तास बाख. तो माझा.

सकाळी ८

नवरा केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेत आहे. १९५९ पासून ही संस्था बराकपूरला आहे आणि तिच्यापायीच आम्ही इथे आलो. मूळचा तो रत्नागिरीचा, समुद्रातल्या माशांवर वाढलेला. आता दिवसभर नद्या आणि बिलांमधल्या, म्हणजे इथल्या पाणथळ तळ्यांमधल्या, माशांचा विचार करतो. माझ्या माहेरी बराकपूर म्हटलं की मंगल पांडे आणि २९ मार्च १८५७, यापुढे गाडी जात नाही. डबा, पोळ्या, आईंचा फोन, कामाच्या माशींचं, म्हणजे मावशींचं, झाडूपोछा. माशी पियानोच्या खोलीत ओला फडका आणत नाहीत. तेवढं एकदाच सांगितलं होतं, त्यांनी कायमचं लक्षात ठेवलं.

सकाळी ११

आज सूर लावणारे काकू आले. बंगालीत काकू म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. साठी उलटलेल्या गृहस्थांना काकू म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. सियालदाहून बराकपूर लोकल, तिथून टोटो, खांद्याला कातडी पिशवी. पिशवीत सूरकाटा, किल्ली, लोकरीच्या पाचरी आणि चिमटे.

पियानोत ८८ पट्ट्या असल्या तरी तारा सव्वादोनशेच्या आसपास असतात, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा. या सगळ्या मिळून आतल्या लोखंडी चौकटीवर पंधरा-वीस टनांचा ताण देतात. हवेतल्या ओलाव्यानं ध्वनिफळी फुगली की तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. सगळे सारखे चढत नाहीत, ही खरी अडचण. म्हणून काकू पावसाळ्यात पूर्ण पियानो लावत नाहीत. ते काम दुर्गापूजेनंतर, हवा सुकली की. आता फक्त एकेका सुराच्या तीन तारा आपसात मिळवायच्या आणि अडकणाऱ्या पट्ट्या मोकळ्या करायच्या.

त्यांनी मला शेजारी बसवलं. तीनपैकी एक तार पाचरीनं मुकी केली, उरलेल्या दोन वाजवल्या आणि म्हणाले, “शोनो दीदी.” आवाज एका जागी थांबत नव्हता, लाटेसारखा वर-खाली होत होता. किल्ली केसभर फिरवली तशी लाट लांबली, आणखी फिरवल्यावर आणखी लांबली, आणि मग एकदम पाणी स्थिर झालं. इतकी वर्षं पियानो वाजवून मी ही लाट कधी कान देऊन ऐकली नव्हती. हार्मोनियम असो की पियानो, तयार सुराचं वाद्य वाजवणाऱ्याला सूर शोधावा लागत नाही. पट्टी दाबली की तो येतोच. गाणाऱ्याला आणि सारंगीवाल्याला ती सोय नाही, म्हणून त्यांचा कान आमच्यापेक्षा जागा असतो. मुलांना ही लाट ऐकवायची असं ठरवलं. काकूंनी मुढी आणि कांदा खाल्ला, दोन कप चहा घेतला, आणि १.३७ ची लोकल गाठायला निघाले.

दुपारी २.३०

ही दोन तासांची पोकळी सुरुवातीला मला खायला उठायची. सगळं जग कामावर असताना संगीतशिक्षकाला काम नसतं. जग मोकळं झालं की त्याचं सुरू होतं. आता या वेळात मी वही लिहिते. प्रत्येक मुलाला दोन पानं. काय वाजवलं हे फारसं लिहीत नाही. कुठे थांबला, कुठे श्वास धरला, खांदा कधी वर गेला, हे लिहिते.

वहीचं पहिलं पान आठ वर्षांच्या एका मुलीचं आहे, माझ्या सगळ्यात पहिल्या विद्यार्थिनीचं. तिला मी बोटांच्या आकड्यांवरून शिकवलं. अंगठा एक, करंगळी पाच, आणि पुस्तकात सुराच्या डोक्यावर तो तो आकडा छापलेला. तीन महिने ती भराभर वाजवत गेली आणि मी खूश होते. मग तिला हात एका पट्टीनं उजवीकडे न्यायला सांगितला, आणि सगळं कोसळलं. तिच्या लेखी ‘एक’ म्हणजेच ‘सी’ होता. तीन महिने ती सूर वाचतच नव्हती, आकडे वाचत होती. मार्चमध्ये तिनं शिकणं सोडलं. आईनं शाळेच्या अभ्यासाचं कारण सांगितलं. मुलगी काय सांगू शकत नव्हती ते मला माहीत होतं. तिला वाटलं, आपल्याला जमत नाही. न जमण्यासारखं मी शिकवलं होतं.

त्यानंतर पुष्कळ विचार केला. जे या मुलांकडे आधीपासून होतं त्याला मी हातच लावला नव्हता. इथे दोन घरांआड एका घरात हार्मोनियम आहे आणि कुणीतरी आत्या, आजी रवींद्रसंगीत गाते. मूल अक्षर ओळखायच्या आधी सा रे ग म म्हणतं. आणि मी त्याच्यासमोर पाच रेघांचा कागद धरून बसले होते!

तेव्हा मी आजींकडून इथली लिपी शिकून घेतली. आपण भातखंड्यांच्या पद्धतीत वाढलो: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. बंगालात आकारमात्रिक स्वरलिपी चालते. तिच्यात कोमल स्वरांना अक्षरंच वेगळी. कोमल रे म्हणजे ऋ, कोमल ग म्हणजे ज्ञ, कोमल ध म्हणजे द, कोमल नी म्हणजे ण. वरच्या सप्तकाला डोक्यावर रफार, खालच्याला पाय मोडलेला. आणि मात्रा मोजायला अक्षरापुढचा आकार, म्हणून नाव आकारमात्रिक. दाटीवाटीची दिसते, पण वाचायला सरावली की गळ्याशी थेट बोलते.

ही लिपी पूर्णत्वाला नेली ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी, रवींद्रनाथांच्या थोरल्या भावानं. जोडासाँकोच्या घरात ते पियानोवर बसून नव्या नव्या चाली वाजवत, आणि शेजारी बसलेले तरुण रवींद्रनाथ आणि अक्षयचंद्र चौधुरी त्या चालींवर शब्द बसवत. आधी सूर, मग शब्द. याच ज्योतिरिंद्रनाथांनी पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ मराठीतून बंगालीत आणलं. भाऊ सत्येंद्रनाथ आपल्याकडे मुंबई इलाख्यात नोकरीला होते, त्यांच्याकडे राहून त्यांनी मराठी शिकून घेतली होती. पियानो, बंगाली स्वरलिपी आणि मराठी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून गेल्या, हे कळलं त्या दुपारी मला बराकपुरात पहिल्यांदा परकं वाटलं नाही.

तेव्हापासून माझ्या खोलीत एकच नियम. जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही.

दुपारी ४.१५

सात वर्षांचा, शाळेच्या गणवेशातच येतो. पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून खाली माझ्या लग्नातला पाट, त्यावर दोन जुनी मासिकं. पाय लोंबते राहिले तर पाठ वाकते, पाठ वाकली की मनगट बसतं आणि आवाज चेपतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीत. नखं बघायची, वाढली असतील तर नेलकटर खणात आहे. तळहातात एक गंधराज लिंबू द्यायचं, ते न चिरडता धरायचं आणि मग लिंबू काढून घेतलं तरी हात तसाच ठेवायचा. त्याला लिंबाचा वास आवडतो, धडाभर हात हुंगत असतो.

आज सात सुरांची पहिली चढण. पाच बोटांत सात सूर मावत नाहीत, म्हणून सा, रे, ग वाजवून झाल्यावर अंगठा तळहाताखालून सरकवून म वर आणायचा. १-२-३, १-२-३-४-५. सांगायला एक ओळ, जमायला कित्येक आठवडे. कोपर उचलायचा नाही, धक्का द्यायचा नाही. मी त्याला आधी गायला लावलं, मग पियानोच्या झाकणावर बोटं चालवत गायला लावलं, आणि शेवटी पट्ट्यांवर. म वर जो हिसका बसला तो त्यानंच ऐकला. म्हणाला, “मिस, मा-टा जोरे होलो.” ऐकला ना, मग पुढच्या आठवड्यात तो आपोआप कमी होणार.

संध्याकाळी ५

या वेळच्या नऊ वर्षांच्या मुलाची आई दर वेळी दारात उभी राहून तेच विचारते, “दीदी, ग्रेड कबे?” त्यांची घाई मला समजते. कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक १९१५ साली फिलिप सँद्रे यांनी स्थापन केलं, तेव्हापासून कोलकात्यात पाश्चात्त्य संगीत पद्धतशीर शिकता येतं. पण इथून लोकलनं सियालदा आणि पुढे बालीगंज, शाळा सुटल्यावर नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन कोण जाणार? फाटकावरच्या माझ्या कागदाकडे ते आले ते यासाठीच. आणि कागद माझा असला तरी त्यांना हवा असतो लंडनहून येणारा कागद.

परीक्षेला माझा विरोध नाही. मी स्वतः त्या शिडीनं वर आले. पण एबीआरएसएमच्या, म्हणजे त्या लंडनच्या परीक्षा मंडळाच्या, १५० गुणांची वाटणी मी त्या आईला एकदा शांतपणे समजावून दिली. तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल्सना २१, न पाहिलेला कागद वाचून वाजवण्याला २१ आणि कानाच्या चाचण्यांना १८. १०० ला उत्तीर्ण. सगळे वर्षभर त्या तीन रचनांच्या मागे लागतात. कानाची चाचणी शेवटच्या पंधरवड्यात उरकतात. पहिल्या ग्रेडला त्यात मुलाला परीक्षकाच्या मागोमाग सुरावट गाऊन दाखवावी लागते. गाऊन!

आज मी त्याचा सा हलवला. पाच महिने त्याचा सा पांढरी एकवर होता, पियानोच्या भाषेत ‘सी’वर. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, कुठे अडत नव्हतं. आज म्हटलं, सा पांढरी पाचवर धर आणि गा. गायला सरळ. मग वाजव. सा, रे, ग, म, प, ध, आणि नीवर तो थबकला. पुन्हा वाजवला. “भूल होच्छे, मिस.” मी काही बोलले नाही. त्यानं तो नी गळ्यातून काढला, धरून ठेवला आणि बोटानं शोधत गेला. काळी तीन. त्याचा चेहरा! मग मी कागदावर रेघांच्या सुरुवातीला शार्पची खूण काढून दाखवली. जे त्याच्या कानानं मागितलं त्याचं नाव तेवढं मी सांगितलं. ही खूण मला लहानपणी पाठ करायला लावली होती आणि ती तिथे का असते ते मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

आई अजून दारात होती. तिनं आज ग्रेडचं विचारलं नाही.

संध्याकाळी ६.१५

आज गुरुवार, लक्ष्मीबार. दिवेलागणीला आधी वरच्या मजल्यावर आजींचा शंख वाजला, मग समोरच्या घरात, मग गल्लीच्या टोकाला. सुरुवातीच्या महिन्यांत मी या वेळी खिडकी लावून घ्यायची, धडा मोडतो म्हणून. आता धडा थांबवते.

पियानोवर दहा वर्षांची एक अबोल मुलगी बसली होती. ती गाते, पण ओठांतल्या ओठांत. मी म्हटलं, “आजींचा शंख कुठे आहे ते शोध.” तिनं ऐकलं, हुंकार भरला, पांढरी पाच दाबली. मान हलवली. काळी चार दाबली. पुन्हा मान हलवली. दोन्हींच्या मध्ये बोट धरून माझ्याकडे बघत राहिली. तिथे पट्टीच नव्हती.

मला आनंद झाला तो सांगता येत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या या वाद्यासमोर बसून त्या मुलीला बारांच्या मधली जागा ऐकू आली. मी तिला वर पाठवलं. आजींनी तिच्यासाठी शंख पुन्हा फुंकला आणि ती तो सूर धरून, तोंड उघडून गात जिना उतरली. मोठ्यानं.

संध्याकाळी ७

दोन शाळकरी बहिणींचा अर्धा तास झाला. त्याबद्दल विशेष काही नाही, एकीला सर्दी होती.

मग नदीपलीकडच्या श्रीरामपूरच्या दीदी. निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठावन्न, धोबीघाटाच्या लाँचनं नदी उतरून येतात. हातात ‘स्वरबितान’ या रवींद्रसंगीताच्या स्वरलिपी-संग्रहाचा एक भाग असतो आणि त्यांना पाच रेघा शिकायच्या नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मी मान्य केलं. त्या आकारमात्रिक वाचतात, मी डाव्या हातानं साथ कशी द्यायची ते दाखवते. बोटं ताठर आहेत, पण सूर इतका पक्का की माझ्या पियानोची चढलेली पट्टी त्यांना आधी कळते. त्यांना व्ही. बालसारा फार प्रिय. मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत १९५४ मध्ये कोलकात्याला आला आणि २००५ मध्ये जाईपर्यंत इथलाच होऊन राहिला. “तुम्हीही तिकडच्याच,” असं त्या मला म्हणतात, आणि त्यात एक अपेक्षा असते.

त्यांच्या गावाचं आम्हा मराठी माणसांवर मोठं ऋण आहे. विल्यम केरीनं पंडित वैजनाथांच्या मदतीनं केलेलं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी अक्षरांतला मराठी कोश १८१० मध्ये समोरच्या तीरावर, श्रीरामपुरात छापला गेला. तिथून केरी नावेनं कोलकात्याला, फोर्ट विल्यम कॉलेजात, मराठी शिकवायला जायचा. दीदींना पोचवायला घाटावर जाते तेव्हा पलीकडचे दिवे बघताना मला तो आठवतो. जी भाषा आपल्या आईची नाही ती परमुलखात बसून तिसऱ्यांना शिकवणारा.

रात्री ८.४५

पट्ट्यांवरून कोरडं फडकं, वर लोकरीची पट्टी, झाकण. तीन मुलांची महिन्याची फी आली, दोघांची राहिली. ती मागायला मला अजून जड जातं, पण पूजेनंतर काकूंना पूर्ण पियानो लावायचाय, तेव्हा मागायला हवी. एका आईचा निरोप आहे: गणिताची शिकवणी वाढली, पुढच्या महिन्यापासून पियानो बंद. नऊचे आठ झाले. मी लिहिलं, शिकवणी संपेल तेव्हा पाठवा, आणि तोवर त्याला घरी गाऊ द्या.

वही उघडली. दहा वर्षांच्या मुलीच्या पानावर लिहिलं: आजींचा शंख, पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये, काळी चारकडे थोडा झुकलेला. पुढच्या गुरुवारी समोरच्या घरचा ऐकायचा. मग खालची फळी काढून बल्ब लावला.